अर्ध्या बादलीत चार चाकं

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पाइप लावायला बंदी आहे. पुण्यात धायरीच्या आसपास राहणाऱ्यांना कारण विचारावं लागत नाही. उन्हाळा आला की टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात येऊन बसतो आणि पाइप लावणाऱ्याकडे सगळी इमारत बाल्कनीतून बघते. मला रिन्सलेस वॉशची, म्हणजे नंतर विसळावं न लागणाऱ्या गाडी धुण्याच्या द्रावणाची, बाटली पहिल्यांदा आणून दिली ती बेंगळुरूच्या भाच्याने. 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली आणि 5,000 रुपये दंड लावला, तेव्हापासून तो असाच गाडी धुतो. 'मावशी, बादलीभर पाण्यात होते गाडी, नंतर विसळायचीही नाही,' म्हणाला. नोकरीचा सगळा काळ कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये गेल्यामुळे असल्या दाव्यांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. पण पत्रा खरंच छान निघाला.

चाकांचं मात्र वेगळं आहे. कुणी म्हणतं, रिन्सलेसने चाकं होतच नाहीत, पाण्याचा जोर हवाच. दुसरे पत्र्याचंच फडकं शेवटी चाकांवर फिरवून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. चाकं उत्तम होतात, फक्त त्यांना भिजायला वेळ द्यावा लागतो आणि त्यांचा संसार पत्र्यापासून वेगळा ठेवावा लागतो. तेवढं पाळलं तर बाकीचं हातवळणाचं काम आहे.

चाकावरची घाण नेमकी कसली?

धूळ आणि चिखल सगळीकडेच असतो. चाकावर त्यात ब्रेकची काळी भुकटी मिसळते. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कवर घासतं, दोन्हींचे बारीक कण उडतात आणि ते तापलेले असतात. ते रिमवर बसतात, वर दमट हवा लागली की गंजतात आणि चिकटून राहतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या ब्रेकना जास्त काम करावं लागतं आणि पुढची चाकं जास्त काळी होतात. माझ्या टियागोला मागे ड्रम ब्रेक आहेत, तिथली भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते. त्यामुळे मागची दोन चाकं मी पटकन उरकते आणि पुढच्या दोनांवर निवांत बसते. चारही चाकांना सारखा वेळ द्यायचा नियम कुणी केलेला नाही. तुमच्या गाडीला चारही डिस्क असतील तर मात्र मागेही हात चालवावा लागेल.

रिन्सलेसच्या द्रावणात साबणासारखे घटक असतात आणि पॉलिमर असतात. ते धुळीच्या कणाला वेढतात, पृष्ठभागावरून सैल करतात आणि फडकं घसरतं ठेवतात. ते आम्लही नाही आणि तीव्र अल्कलीही नाही, त्यामुळे रिमच्या वार्निशला धक्का लागत नाही. पण याच कारणाने चिकटून गंजलेलं लोखंड ते विरघळवूही शकत नाही. सैल आहे ते उचलणं एवढंच त्याचं काम. घट्ट बसलेल्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे सांगते.

तयारी

मी ऑप्टिमम नो रिन्स वापरते. त्याचं धुण्याचं प्रमाण 256 भाग पाण्याला 1 भाग, म्हणजे 8 लिटर पाण्यात साधारण 30 मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर मापाची टोपी येते ना, 10 मिलीची, त्याच्या तीन टोप्या. दुसरं कुठलं आणलं असेल तर त्याच्या बाटलीवरचं प्रमाण पाळा, माझं नको. आणि 'थोडं जास्त टाकलं तर जास्त स्वच्छ' असं होत नाही. जास्त झालं की पुसताना चिकट ओरखडे दिसत राहतात.

आधी गाडीचा पत्रा धुऊन होतो. बादलीत चार-पाच लिटर पाणी उरतं, तेच चाकांना. पाइपने धुणारे चाकं आधी करतात, कारण चाकांवरचं घाणेरडं पाणी उडून दारांवर येतं. आपल्याकडे पाणी उडतच नाही, मग तो क्रम पाळायचं कारण उरत नाही. उलट चाकं शेवटी घेतली की पाणीही वापरलं जातं आणि पत्र्याची फडकी चाकांवर जायची भीती उरत नाही.

याशिवाय स्प्रेच्या बाटलीत थोडं दाट द्रावण करते: 1 लिटर पाण्यात 15 मिली. हे भिजवायला. नर्सरीत झाडांना फवारायचा हातपंपाचा स्प्रे मिळतो, तो सगळ्यात सोयीचा. ट्रिगरच्या बाटलीने चार चाकं भिजवेपर्यंत माझी बोटं आखडतात.

पाण्याबद्दल एक. आमच्या टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. रिमवर तसंच वाळलं तर पांढरे ठिपके राहतात. बादलीला मी तेच वापरते कारण लगेच पुसते, पण स्प्रेच्या बाटलीत फिल्टरचं पाणी घालते. एक लिटरचाच प्रश्न असतो.

बाकी सामान घरातलंच. चाकांसाठी राखून ठेवलेली सहा-सात मायक्रोफायबर फडकी. माझ्याकडे ती राखाडी रंगाची आहेत, पत्र्याची पिवळी, म्हणजे मिसळायचा प्रश्न नाही. रंगाऱ्याचा एक इंची ब्रश, केस मऊ असलेला. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची, नाहीतर ती पट्टीच रिमवर ओरखडे पाडते. टायरसाठी कपडे घासायचा ब्रश. रिमच्या आतल्या बाजूसाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश. बाटल्या धुवायचा ब्रश चालतो, पण त्याच्या टोकाला तार उघडी असते, तिच्यावर कापडाची चिंधी घट्ट बांधा. रबरी हातमोजे. आणि बसायला पाट. गुडघे साठीचे झाले की पाट हे सगळ्यात महत्त्वाचं अवजार ठरतं.

चाक गार आहे का?

सिंहगडावरून उतरून आलात आणि लगेच बादली भरायला गेलात, असं नको. घाट उतरताना डिस्क चांगलीच तापलेली असते. तापल्या रिमवर द्रावण भिजवायच्या आत वाळतं, डाग धरतं, आणि तापल्या डिस्कवर गार पाणी मारणंही बरं नाही. रिमला बोट लावून बघा, डिस्कला नको. मी तर घाटातून आले की चाकांना दुसऱ्या दिवशी सकाळीच हात लावते. जागा सावलीची हवी. एप्रिल-मे मध्ये आठच्या आत उरकावं.

हँडब्रेक ओढा, गाडी गियरमध्ये ठेवा. पुढचं चाक धुताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून घ्या. रिमच्या पाठीमागे हात जायला जागा होते.

भिजवणं

आधी नुसतं बघा. कोरडी धूळ आणि काळी भुकटी असेल तर सरळ दाट द्रावण फवारा: रिमचा दर्शनी भाग, स्पोकच्या फटी, नटांचे खड्डे, आतली बाजू, टायर. चिंब करा, कंजूषपणा इथे नाही. मग तीन ते पाच मिनिटं थांबा. करपलेलं दुधाचं पातेलं आपण पाणी घालून तसंच ठेवतो, लगेच घासत नाही. तोच न्याय इथे. मी एक चाक भिजवून ठेवते आणि त्या वेळात दुसऱ्या चाकाकडे जाऊन तेही भिजवते, मग पहिल्याकडे परत येते. कडेने वाळायला लागलं तर परत एक फवारा. वाळू द्यायचं नाही, एवढंच.

पाच मिनिटांनी खाली बघितलं तर काळपट ओघळ फरशीवर उतरलेला दिसतो. जे आपोआप उतरलं ते फडक्याने घासावं लागत नाही, आणि जे घासावं लागत नाही त्याचा ओरखडाही पडत नाही.

चिखल असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात मुळशीकडे भातखाचरांच्या रस्त्याने जाऊन आलं की रिमच्या आत चिखलाचे गोळे बसलेले असतात. कोकणातून आलं की तांबडी माती. अशा वेळी रिन्सलेसचा हट्ट धरू नका. दोन-तीन मग साधं पाणी वरून ओता, चिखल मऊ होऊ द्या, परत ओता. त्या चिखलात वाळू असते. फडक्याखाली ती सापडली तर कितीही महागडं द्रावण असो, रिमवर रेघा पडणारच. मोठे गोळे गेले की मग फवारणी, मग पुढचं सगळं. चार चाकांना मिळून अर्धी बादली जास्त लागली तर सोसायटी काही म्हणत नाही. रिमच्या आत एका बाजूला चिखल वाळून राहिला तर चाकाचा तोल जातो आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं, त्यामुळे हे काम नुसतं दिसण्यापुरतं नाही.

टायर आधी, रिम नंतर

टायर घासताना तपकिरी शिंतोडे उडतात आणि ते रिमवरच येतात. म्हणून टायर पहिला. बादलीतलं थोडं द्रावण एका जुन्या डब्यात काढून घ्या, कपड्याचा ब्रश त्यात बुडवा आणि गोल गोल घासा. टायरचा ब्रश मूळ बादलीत जाता कामा नये. टायर ओझोनने तडकू नये म्हणून रबरात एक द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येऊन पृष्ठभागावर तपकिरी थर धरतं. तो नुसत्या रिन्सलेसने पूर्ण जात नाही. फारच दिसत असेल तर ऑल-पर्पज क्लीनर पातळ करून घासा आणि ओल्या फडक्याने दोनदा पुसा. तारेच्या काथ्याने घासणारे लोक मी बघितलेत; त्यांना काही सांगत नाही.

आता रिम. आतून बाहेर यायचं. लांब ब्रश बादलीतल्या द्रावणात बुडवून स्पोकच्या मधून आत घाला आणि आतली गोलाई फिरवून घ्या. ब्रश बाहेर काढला की त्या डब्यात झटकून मगच परत बादलीत. मग रंगाऱ्याचा ब्रश: नटांचे खड्डे, मधली टोपी, हवा भरायच्या व्हॉल्व्हची कड, स्पोकच्या पाठी. हा ब्रश दाबायचा नाही, नुसता नाचवायचा. केसांची टोकं काम करतात.

रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या राखाडी चौकोनी पट्ट्या दिसतील. ती बॅलन्सिंगची वजनं आहेत. कचरा समजून नखाने उचकटू नका.

दर्शनी भाग फडक्यानेच. फडकं बादलीत बुडवून हलकं पिळा, पाणी निथळत राहील इतपतच. दोनदा घडी घाला, हाताच्या पंजाएवढं होतं आणि उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक स्पोक, एका दिशेने, एक हात. बाजू पालटा. पुढचा स्पोक. वजन हाताचं असतं तेवढंच, वरून जोर नाही. आठही बाजू काळ्या झाल्या की ते फडकं बाजूला टाका. परत बादलीत बुडवायचं नाही. सगळ्या पद्धतीत हा एकच मुद्दा असा आहे की जिथे मी कुणाचं ऐकत नाही. फडकं परत बुडवलं की लोखंडाचे कण बादलीत जातात, आणि नंतरच्या चाकावर तुम्ही त्याच कणांनी पॉलिश करत बसता.

एका चाकाला एक फडकं, पुढच्या चाकांना कधी दोन. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. पुसू नका म्हणत नाही, पण आधी टिपा.

ब्रेकच्या यंत्रणेमुळे आणि स्पोकच्या ठेवणीमुळे काही भाग हाताला येतच नाही. टायरवर वरच्या बाजूला खडूने खूण करा आणि गाडी साधारण तीन फूट पुढे घ्या. हॅचबॅकचं चाक तेवढ्यात अर्धं फिरतं, खूण खाली जाते आणि राहिलेला भाग वर येतो. पार्किंगमध्ये तेवढी जागा नसेल तर पुढच्या वेळी गाडी लावताना खूण बघून लावा. मी तसंच करते.

जे फडक्याने जात नाही

रिम धुऊन कोरडी झाली तरी बोट फिरवल्यावर खरखर लागते, बारीक तांबूस ठिपके दिसतात. ते रुतलेलं लोखंड. त्याला आयर्न रिमूव्हर लागतो. त्यात थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाशी संयोग पावतं आणि जांभळा रंग येतो. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्ये याच कुळातलं रसायन असतं, त्यामुळे वास अगदी तसाच, गंधकाचा, नाक मुरडायला लावणारा. हातमोजे घाला आणि बंद बेसमेंटमध्ये करू नका. आमच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा गॅस गळतीची चौकशी केली होती.

गार आणि कोरड्या रिमवर फवारा, बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा, ब्रशने हलवा, वाळू देऊ नका. नंतर हे मात्र विसळावंच लागतं. मी एका चाकाला दोन मग पाणी ओतते, मग द्रावणात चिंब केलेलं फडकं, मग दुसरं. हे दर वेळी करायची गरज नसते. वर्षातून दोन-तीनदा पुरे. जांभळा रंग बघायला मजा वाटते म्हणून दर रविवारी मारणारेही आहेत.

डांबराचे काळे थेंब असतील तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन थेंबावर अर्धा मिनिट धरा आणि पुसा. थेट फवारू नका, डिस्कवर जातं. रस्त्याकडेच्या सर्व्हिसिंगवाल्यांकडे डिझेल किंवा रॉकेल मारून टायर काळे करायची पद्धत असते. त्याने रबर फुगतं आणि खराब होतं. आम्ल असलेलं स्वस्त व्हील क्लीनरही लांब ठेवा, वार्निश उडालेल्या अॅल्युमिनियमला ते खातं.

डायमंड-कट अलॉय असतील, म्हणजे समोरचा भाग चकचकीत धातूसारखा दिसणारे, तर कडेला वार्निशच्या खाली पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात का बघा. ते गंजणं आहे, घाण नाही. वार्निशला टवका गेला की तिथून ओल आत शिरते. घासून ते जाणार नाही, उगाच हात दुखवू नका.

साध्या लोखंडी चाकावर प्लास्टिकची व्हील कॅप असेल तर वरून वरच्यासारखंच धुवा. कॅप दर वेळी काढू नका, मागचे चाप मोडतात. टायर अदलाबदल करायला गॅरेजमध्ये जाल तेव्हा तिथे काढलेलीच असते, तेव्हा मागची बाजू धुऊन घ्या. परत बसवताना व्हॉल्व्हची खाच व्हॉल्व्हवरच यायला हवी.

धुऊन झाल्यावर

गाडी सोसायटीत एक चक्कर मारून आणा आणि हलकेच दोन-तीनदा ब्रेक दाबा. नटांच्या खड्ड्यांतलं पाणी बाहेर येतं आणि डिस्क कोरडी होते. ओल्या डिस्कवर तासाभरात तांबूस गंज दिसतो. त्याने घाबरायचं कारण नाही, दोन ब्रेकमध्ये जातो, पण तो पाण्याबरोबर धुतल्या रिमवर ओघळतो. आल्यावर एकदा कोरडं फडकं फिरवा.

रिम कोरडी आहे तोवर स्प्रे सीलंट, म्हणजे वर संरक्षक थर धरणारं द्रव्य, फडक्यावर घेऊन लावून टाकला तर पुढच्या वेळी भुकटी सहज निघते. टायरला चमक हवी असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग, स्पंजवर घेऊन, फक्त बाजूच्या भिंतीला. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीही नाही. लावल्यावर अर्धा तास गाडी हलवू नका, नाहीतर दारांवर काळे शिंतोडे.

बादलीतलं उरलेलं पाणी मोरीत ओता. कुंड्यांना घालायचा मोह होतो, आमच्याकडे तर पाणी वाया घालवणं पापच. पण त्यात ब्रेक पॅडचे धातूचे कण असतात. काळी झालेली फडकी आधी वेगळ्या बादलीत भिजवा, मग लिक्विड डिटर्जंटमध्ये धुवा, घरच्या कपड्यांबरोबर नाही. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, फडकं पाणी शोषायचं बंद होतं. दोन-चार धुण्यांनंतर ती काळपट होतात आणि तशीच राहतात.

गाडी पुसायला रोज सकाळी कुणी येत असेल तर त्यांच्या हातात चाकांसाठी वेगळं फडकं द्या आणि रोज कोरड्या चाकावर ते फिरवू नका असं सांगा. आमच्या दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'काकू, तेवढंच काम कमी.' आता ते चाकांकडे बघतही नाहीत, आणि पंधरा दिवसांनी मी पाट घेऊन खाली उतरते.